सबीलचा दगड

१

सोनं चोरीला गेलेलं मी ऐकलंय, पाण्याची मोटर गेलेली बघितलीय, एकदा तर आमच्या सिरसाळ्यात वरातीतला घोडाच गेलता. नवरदेव चालत आला मांडवात. पण भिंतीत बसवलेला दगड, तोबी बाजाराच्या दिवशी, एवढ्या माणसांच्या डोळ्यादेखत? असलं आमच्याकडं पयल्यांदाच झालं.

मी अजिनाथ. बाजारतळाच्या कोपऱ्यावर माझं पंक्चरचं दुकान हाय. चौथीपतुर शाळा केली, पुढचं सगळं शिक्षण ट्यूबमधल्या भोकांनी दिलं. दुकानाच्या समोर रस्ता, अन् रस्त्याच्या पल्याड जुनी पाणपोई. दगडचुन्याची भिंत, तिच्या पायाशी वाळूत रवलेले दोन रांजण, वर पत्रा. तिथं चंद्रभागामाय बसती. तिच्या आधी तिची सासू बसायची. तिथं गिलास न्हाई, बाटली न्हाई. आपण वाकून ओंजळ करायची, माय लांब दांड्याच्या ओगराळ्यानं वरून धार सोडती. तू कोण, कुठला, कुणाचा, हे ती इचारत न्हाई. ओंजळ पुढं आली की धार सुटती. सासूनं तिला शिकवलेलं एवढंच.

रांजणांच्या वर, भिंतीत, एक काळा दगड व्हता. चटणी वाटायच्या पाट्याएवढा. त्याच्यावर उर्दू अक्षरात एकच शब्द कोरलेला. करवतीच्या दातावाणी बारीक दात, खाली तीन ठिपके, अन् शेवटाला उभा आकडा. निजामाच्या टायमाचा. वाचता येणारं एखादंच माणूस गावात, पण बाया जाताजाता त्याला हळदीकुंकू लावायच्या, ड्रायव्हर लोक हात जोडायचे. मायला वाटायचं त्याच्यावर 'पाणी' लिवलंय. मी इचार केलाच न्हवता.

त्या दिवशी बाजार ऐन भरात व्हता. मी टेम्पोचं चाक खोलून बसलो व्हतो. माय लिंबाखाली भाकर खाऊन माघारी आली अन् मला हाक मारली.

"अजिनाथ, इकडं ये रं जरा."

गेलो. तिनं बोट वर केलं. दगडाच्या जागी भोक.

उसाची ट्रॉली घासून गेल्यापासून तो दगड हालतच व्हता, चुना भरायचं कुणाच्या मनावर आलं न्हवतं. म्हणजे काढायला पहार लागली नसंल, नुसता हात लागला असंल. पण हात कुणाचा?

माय वाळूत बसली. रडली न्हाई. म्हणली, "उद्या सकाळी साहेब येणार हाय. त्याला काय दावू?"

ते कळायला मागचं सांगावं लागंल. आमच्या गावात अमरसिंहदादा म्हणून पुढारी हाय. त्याच्या मनात पाणपोई पाडून तिथं गाळे काढायचं व्हतं. त्यानं अर्ज केलता की ही पडकी भिंत म्हणजे अतिक्रमण हाय. मायनं उलटा अर्ज दिला की ही जुनी पाणपोई हाय, सगळ्या गावाची. दोघांचं ऐकून नायब तहसीलदार साहेब जागा बघायला येणार व्हते. मायकडं कागद न्हाई, पावती न्हाई. सगळा भरवसा त्या दगडावर. दगड न्हाई तर पाणपोई न्हाई, अन् पाणपोई न्हाई तर माय कशासाठी उठणार सकाळी?

मी वनमालाताईला फोन लावला.

वनमालाताई आमच्या गावच्या पोलीस पाटील. अंगानं दणकट, बोलणं कमी, जेवण झकास. त्यांची एक खोड हाय. कुणाकडं चौकशीला गेल्या की मुद्द्याचं आधी इचारत न्हाईत. आधी इचारतात, आज काय केलंय जेवायला. लोक हसतात. मीबी हसायचो.

ताई आल्या, पदर खोचला अन् वाळूवर चढून भोकात बघितलं. आत, मागच्या दगडावर, पांढरी तीन बोटं उठली व्हती. आडवी, एकाखाली एक.

"चुन्याचा हात हाय चोराचा," मी म्हणलो.

ताईनं ते पांढरं अंगठ्यानं चोळलं, वास घेतला, अन् पदराला पुसलं.

"माय, हा दगड कुणी कधी मागितला व्हता का?"

मायनं मान खाली घातली. "नाव घेऊ वाटंना पाटीलबाई. पण मागितला व्हता. मुनीर मास्तरनी. अन् आज दुपारी ते हितनंच गेले. हातातली पिशवी उचलत न्हवती त्यांना. वढत नेत व्हते."

२

मुनीर मास्तर तालुक्याच्या उर्दू शाळेतनं रिटायर झालेले. घर मशिदीच्या बोळात. आमी गेलो तर मास्तर अंगणात शेळीला चारत व्हते.

"या वनमालाबाई. ये रे अजिनाथ."

"मास्तर, काय केलंय आज?"

"खिचडी अन् कढी. बसा, वाढायला सांगतो."

"नको. पिशवीत काय आणलं बाजारातनं?"

मास्तर माझ्याकडं बघत हसले. "त्यासाठी आला व्हय दोघं." त्यांनी कोपऱ्यातली पिशवी पायानं सरकवली. सरकीची पेंड. शेळीनं लगेच तोंड घातलं.

ताई म्हणल्या, "दगड गेला, मास्तर."

मास्तरांचं हसू गेलं. ते शेळीची पाठ खाजवत म्हणले, "मी मागितला व्हता, खरं हाय. ट्रॉली घासली तवाच म्हणलो मायला, माझ्या घरी ठेवू, नाहीतर एक दिवस फुटंल. ती न्हाई म्हणली, मी गप बसलो. घेतला न्हाई."

"काय लिवलंय त्याच्यावर?"

"सबील."

"म्हणजे?"

मास्तरांना तेवढंच पायजे व्हतं. बाज वढली, आमाला बसवलं. "बाई, हा शब्द लई फिरलेला हाय. मुळात अरबी. अरबीत सबील म्हणजे वाट, रस्ता. देवाच्या वाटंवर जे काय दिलं, त्यालाबी तोच शब्द. अन् वाटंवरल्या माणसाला द्यायला पाण्याइतकं सोपं काय? मग मिसरमधी, म्हणजे इजिप्तमधी, तुर्कांच्या शहरात, वाटसरूला पाणी पाजायची जी जागा बांधायचे तिचंच नाव सबील पडलं. आपल्याकडं उर्दूत आलं तर मोहरममधी पाणी, सरबत वाटायला मांडतात, ती सबील. अन् माझी दादी दखनी बोलायची, ती म्हणायची, 'कुछ सबील करो', म्हणजे कायतरी वाट काढा, उपाय करा."

"एकच शब्द एवढं वझं व्हातो?" मी इचारलं.

"अजून ऱ्हायलंय. फारसीत हीच अक्षरं लिव्हतात, 'सिबील' म्हणतात, अन् त्याचा अर्थ मिशी."

ताई पयल्यांदा हसल्या. "मिशी मधीच कुठनं उगवली?"

"अरबीत त्या मुळाचा अर्थ खाली सोडणं, लोंबणं असाबी हाय. पडदा सोडतात ते, पावसाची धार लागती ते. कणसालाबी त्याच घरातला शब्द हाय. जे लोंबतं ते. मिशी लोंबती, म्हणून ती त्यातनंच आली असं जाणते सांगतात. मी तिथं न्हवतो."

"हे अजून कुणाला सांगितलं तुमी?"

"अमरसिंहला. त्यानं फोनवर आधीच बघितलं व्हतं, नुसती खात्री करायला आलता. मिशीचं सांगितल्यावर स्वतःची कुरवाळत बसला." मास्तरांनी शेळीला पेंडीपासनं मागं वढलं. "अन् गेल्या बाजारी रुद्रेशअप्पानं घरी बोलावलं. वसरीवर बसवून, च्या पाजून सगळं इचारलं. शब्दाचं सोडून त्याला एकाच गोष्टीत गोडी व्हती."

"कशात?"

"की हा दगड त्याच्या पणजोबानं बसवला, हे मी उद्या साहेबासमोर सांगीन का न्हाई."

३

अमरसिंहदादाचं ऑफिस स्टँडजवळ. तालेवार मोहनरावांचं पोरगं. मिशी अशी की आरशाला दोनदा बघावं लागतं. टेबलावर पाण्याची बंद बाटली. पाणपोईचं पाणी दादा पीत न्हाई, ओंजळ करून वाकायचं त्याला जमत न्हाई.

"या ताई. काय बे अजिनाथ, दुकान उघडं टाकून पोलिसात भरती झाला का?"

"डबा खाल्ला का दादा?" ताईनं इचारलं.

"खाल्ला. वांग्याची भाजी. आता दगडाचं इचारा."

"कळलं व्हय?"

"सगळ्या बाजाराला कळलंय. माझ्या गाडीची काच फुटली तवा तुमी दुसऱ्या दिशी आल्या. दगडासाठी पळत आल्या."

"काच तुमची एकट्याची व्हती दादा."

तो हसला, राग न्हाई धरला. माणूस तसा मोकळा. मिशीवरनं हात फिरवत म्हणला, "ताई, डोकं लावा. दगड भिंतीत असंल, तर त्याच्यावर 'रस्ता' लिवलंय. मास्तर सांगतोय, फोन सांगतोय. मंग जागा रस्त्याची झाली, पाणपोई अडथळा झाली. अन् दगड नसंल, तर नुसती पडकी भिंत. दोन्हीकडनं माझंच. मी कावून वझं उचलू?"

खरंच व्हतं ते.

"अन् रुद्रेशअप्पा?" ताई हळूच म्हणल्या.

दादानं बाटलीचं टोपण फिरवलं. "त्याला तर दगड पायजेच. त्याशिवाय आमचं जमलेलं मोडतंय."

"काय जमलंय?"

"आता लपवून काय करू. उद्या अप्पा साहेबाला सांगणार, पाणपोई आमच्या पणजोबाची खासगी, आमची आमी काढून घेतो. मंग ना मायचं भांडण, ना अर्जाचं लफडं. कोपऱ्यावरला गाळा अप्पाला." तो मागं रेलला. "दगड चोरणारानं माझ्यापेक्षा अप्पाचं जास्ती वाटुळं केलंय. त्याला इचारा, तोच हुडकत फिरतोय."

बाहेर आल्यावर मी म्हणलो, "ताई, हे तर उलटंच झालं. मायला दगड पायजे. अप्पाला पायजे. मास्तरला जपायचाय. दादाला असला काय नसला काय. मंग चोरला कुणी?"

ताई चालता चालता थांबल्या. बाजार उठत आलता. वडार लोक न खपलेले पाटे-वरवंटे टेम्पोत भरत व्हते. एक म्हातारी डोक्यावर चुंबळ ठेवून, त्याच्यावर नवा पाटा घेऊन आमच्या मधनंच गेली, अन् आमी बाजूला झालो.

"अजिनाथभाऊ, आता हितनं कोण गेलं?"

"कोण? कुणी न्हाई."

ताई नुसत्या माझ्याकडं बघत राहिल्या.

४

रुद्रेशअप्पाचं किराणा दुकान पाणपोईला चिकटूनच. अप्पा दारातच उभा, घामाघूम. कपाळावरलं भस्म घामानं वघळलेलं.

"शरणार्थ अप्पा," ताईनं हात जोडले.

"शरणार्थ. पाटीलबाई, माझ्या पणजोबाचा दगड गेला, अन् गावभर मलाच संशयानं बघायलेत. चन्नप्पांनी बसवलेला दगड हाय तो. त्या टायमाला कचेरीची लिपी ती, म्हणून त्या अक्षरात. आमची वस्तू हाय. ठेवायची का काढायची, आमी ठरवू."

"काढून काय करणार व्हता?"

अप्पानं घाम पुसला. म्हणला, "दादानं सांगितलं वाटतं."

"सांगितलं. दुपारी कुठं व्हता तुमी?"

"हितंच. बाजाराच्या दिवशी गल्ल्यावरनं हालता येतं का? गिऱ्हाईकाला इचारा. मुतायलासुदिक गेलो न्हाई." कळवळून बोलला. "उद्या दगड दाखवायचाय मला. माझीच मान मीच कापीन का?"

ताईनं मान हालवली. "जेवण झालं का अप्पा?"

"न्हाई अजून."

"मंग चला. तुमच्या घरीच जेवू."

आता असल्या बाईला न्हाई कसं म्हणायचं. दुकानाच्या मागंच घर. अप्पाची बायको प्रणिता पाणी घेऊन आली. आत चुलीपाशी अप्पाची आई, शिवकांताकाकू, भाकरी थापत व्हत्या. साठीच्या पुढच्या, पण पाठ ताठ. त्या घरात सगळ्यांच्याच कपाळाला भस्माची तीन बोटं. मी ती बघितली अन् भोकातली बोटं आठवली. भोकातला पांढरा हात चुन्याचा न्हवताच. मी ताईला कोपरानं खुणावलं. ताईनं माझ्याकडं बघितलंबी न्हाई.

"काकू, काय केलंय?"

"ज्वारीची भाकर, डाळ, अन् शेंगदाण्याची ओली चटणी. गरिबाघरचं."

"चटणी ताजी हाय," प्रणिता सासूकडं बघत, वाढता वाढता म्हणली. "अव्वांनी आज बाजारातनं नवा पाटा आणलाय. मिक्सरची चव न्हाई म्हणतात. दुपारी स्वतः डोक्यावर घेऊन आल्या, मला हातसुदिक लावू देईनात. त्याच्यावरच वाटलीय."

"व्हय का," ताई म्हणल्या.

चटणी फर्मास झालती. लोण्यावाणी मऊ. ताईनं दुसऱ्यांदा घेतली, मग तिसऱ्यांदा. हळूहळू चावत व्हत्या, डोळे बारीक करून. काकूंनी एकदा वळून बघितलं अन् परत तव्याकडं तोंड केलं. अप्पा एक घास खायचा अन् दाराकडं बघायचा, दगड चालत येईल असं.

आमी हात धुतले, बाहेर आलो. दिवस मावळायला आलता. मी म्हणलो, "ताई, भस्म. अप्पाच हाय."

"अप्पा गल्ल्यावर व्हता. अन् दगड गेल्यानं त्याचंच बुडतंय." ताईनं जिभेनं दात चाचपले. "भाऊ, चटणी खाताना तुमच्या दाताखाली काय आलं का?"

"न्हाई. बारीक वाटली व्हती."

"माझ्याबी न्हाई. तीनदा घेऊन बघितली." त्या मागं वळल्या. "दगड याच घरात हाय."

५

घराच्या मागनं न्हाणीपाशी दार हाय. तिकडनं गेलो. काकू भांडी घासायला बाहेरच आलत्या. आमाला बघून हातातली राख खाली ठेवली.

ताई शेजारी उकिडव्या बसल्या, घरच्या लेकीवाणी. "काकू, नवा पाटा घेतला तर पयल्या दिशी त्याच्यावर काय वाटता?"

काकूंनी खरकटं ताट पुढ्यात वढलं.

"भाऊला ठाव न्हाई म्हणून सांगते," ताई म्हणल्या. "नव्या पाट्याला टाकीचे घाव ताजे असतात. पयले काय दिवस त्यातनं बारीक कच निघती. आधी मूठभर ज्वारी भरडायची, फेकायची, पाटा धुवायचा, परत भरडायचं, फेकायचं. पयल्या दिशीची चटणी कुणी पानात वाढत न्हाई, दात जातात. सुनंला हे कळलं न्हाई, ती मिक्सरवर वाढलेली. तुमची चटणी लोण्यावाणी व्हती. म्हणजे ती जुन्याच पाट्यावर झाली. मंग दुपारी डोक्यावर घेऊन आल्या ते काय?"

काकू राखंकडं बघत राहिल्या.

"सगळा बाजार म्हणतोय, दगड नेताना कुणी दिसलं न्हाई. दिसलं असणार. पण बाजाराच्या दिवशी बाई डोक्यावर दगड घेऊन चालली तर ती पाटाच घेऊन चाललीय. तिच्याकडं कुणी बघतंय? उलट वाट देतात. अन् दगड काढल्यावर त्या जागी भस्माची तीन बोटं वढली. चोर कवा असं करतो का? त्या जागंची माफी मागणारं माणूस करतं. गेल्या बाजारी मास्तर वसरीवर शब्दाचा अर्थ सांगत व्हते तवा च्या कुणी केलता काकू?"

"मी," काकू म्हणल्या.

त्या उठल्या. न्हाणीच्या भिंतीला टेकून पोती व्हती. दोन पोती बाजूला केली. दगड धुतलेला, अक्षरं वर, अन् त्याच्यावर जास्वंदीचं फूल.

"लग्न होऊन आले तवा सासूनं मला पयल्यांदा या दगडाच्या पाया पडायला नेलं व्हतं," काकू म्हणल्या. "अर्थ तिलाबी ठाव न्हवता. मास्तर म्हणले, देवाच्या वाटंवर दिलेलं पाणी. चुलीपाशी मी ऐकलं. अन् मास्तर गेल्यावर माझं पोरगं फोनवर दादाला म्हणलं, दगड आमचा हाय, आमी काढून घेतो. पणजोबाचं नाव घेऊन पणजोबाचंच पाणी बंद करायलंय. मी म्हणलं, दगडच नसला तर हा हक्क कशावर सांगल?"

"अन् पाणपोई?"

"ती ऱ्हाईल की."

ताईनं अमरसिंहदादा काय म्हणला ते सांगितलं. दगड नसंल तर नुसती पडकी भिंत. काकूंचं तोंड उतरलं. पोराचा हात धरायला गेली बाई, अन् मायच्याच मुळावर आली व्हती. हे तिला आत्ता कळलं.

"मंग न्या हा दगड. आत्ता बसवा."

"बसवला तर उद्या अप्पा हक्क सांगणार. न्हाई बसवला तर दादा भिंत पाडणार. नुसता दगड पुरत न्हाई काकू. त्याच्यासंगं कुणीतरी तुमच्या घराण्यातलंच उभं ऱ्हायला पायजे, अन् म्हणायला पायजे की हे दिलेलं हाय."

"म्हणजे मी. साहेबासमोर. पोराच्या इरोधात." काकूंनी फूल उचलून परत दगडावर ठेवलं. "त्याच्या बापाच्या मागं मी एकटीनं वाढवलाय त्याला, पाटीलबाई."

"दगडाचं मी बघितलं. घरचं तुमी बघा," ताई म्हणल्या अन् उठल्या. "मी हा दगड उचलत न्हाई. काढला त्यांनीच आणावा."

काकूंनी पोती परत दगडावर टाकली, आत गेल्या, अन् दार लावून घेतलं. कडी लागल्याचा आवाज आला.

६

सकाळी मी दुकान उघडलं न्हाई. पाणपोईपाशीच जाऊन उभा राहिलो. मायनं रांजण घासून भरले व्हते, नवं लुगडं नेसली व्हती. मी रातभर तिला काय सांगितलं न्हवतं. सांगायचं तरी काय, दगड सापडलाय पण दाराला कडी हाय?

साहेब आले. तरणे व्हते, गाडीतनं उतरताच कपाळ पुसायला लागले, ऊन तसंच व्हतं. अमरसिंहदादा व्हता, मुनीर मास्तर व्हते, रुद्रेशअप्पा दुकानाच्या पायरीवर. वनमालाताई लिंबाखाली शेंगा खात उभ्या. त्यांचं हे शेंगा खाणं बघून मला राग आला.

"दगड कुठंय?" साहेबांनी भोकात बघून इचारलं.

माय म्हणली, "व्हता साहेब. काल दुपारपतुर व्हता."

"आता न्हाई ना," दादा म्हणला. "साहेब, भिंत बघा. कशाला जपायची ही?"

साहेबांनी अप्पाकडं बघितलं. "तुमचं काय म्हणणं व्हतं?"

अप्पानं भोकाकडं बोट केलं अन् हात खाली घेतला. दगडाशिवाय बोलणार काय. साहेबांनी सुस्कारा सोडला, फाईल बगलंत धरली. मायनं ओगराळं रांजणावर आडवं ठेवलं. त्या ओगराळ्याचा तेवढा आवाज मला अजून आठवतोय.

तवा घराच्या मागनं, बाजारतळाला वळसा घालून शिवकांताकाकू येताना दिसल्या. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर दगड, दोन्ही हात मोकळे. मधी उभी माणसं आपोआप बाजूला झाली, जशी काल झाली असतील. ताईनं शेंगांची टरफलं खाली टाकली.

काकूंनी दगड उतरवून रांजणाशी उभा केला. दम खाल्ला. "साहेब, हा मी काढलता. काय शिक्षा असंल ती द्या. मास्तर, वाचा."

मास्तरांनी वाचलं. सबील. अर्थ सांगितला.

दादा म्हणला, "काकू, त्याचा अर्थ रस्ता हाय. मास्तरांनाच इचारा."

"असंल," काकू म्हणल्या. "रस्त्यावरच पाजतोय की पाणी. तुझ्या अंगणात येऊन पाजतोय का?"

माणसं हसली. अप्पा पायरीवरनं खाली आला, आवाज दाबून म्हणला, "अव्वा, घरी बोलू."

"घरी बोलायचं असतं तर मी डोक्यावर दगड घेऊन आले नसते." काकू साहेबांकडं वळल्या. "माझ्या आजेसासऱ्यांनी, चन्नप्पांनी, हा बसवला. त्यांनी हे पाणी दिलं. दिलं, साहेब. ठेवायला न्हाई दिलं. आमच्या घराचा याच्यावर हक्क न्हाई, कवाच न्हवता. माझ्या पोराचाबी न्हाई. हे मी, त्या घराची थोरली, सगळ्यांसमोर सांगते."

अप्पाचे कान लाल झालते. साहेबांनी परत कपाळ पुसलं, आजूबाजूला बघितलं, गिलास शोधला असंल. मग वाकले अन् ओंजळ पुढं केली. मायनं इचारलं न्हाई हा कोण, कशाला आला. धार सोडली. साहेब लई येळ प्याले.

तोंड पुसून म्हणले, "पाणपोई चालू हाय हे मी स्वतः बघितलं. जुनी, सार्वजनिक. तसंच लिव्हतो. पाडायचा प्रश्न न्हाई."

मायनं ओगराळं परत हातात घेतलं. तेवढंच केलं तिनं. पण ते असं धरलं की आता कुणी काढून घेऊन दाखवावं.

अप्पा दुकानात निघून गेला. मला वाटलं संपलं, आता हे मायलेक वर्षभर बोलत न्हाईत. पण तो घमेल्यात कालवलेला चुना घेऊन बाहेर आला. रातीच भिजत घातला व्हता का आधीपासनं व्हता, मी इचारलं न्हाई. त्यानं दगड उचलला, भोकात बसवला, अन् दोन्ही हातांनी दाबून धरून उभा राहिला. मान न वळवताच म्हणला, "अव्वा, सरळ हाय का बघ."

काकूंनी लई बारकाईनं बघितलं. "डावीकडनं जरा वर घे."

ताई माझ्यापाशी आल्या, मूठभर शेंगा माझ्या हातात दिल्या. "आज काय केलंय हो घरी?" मी इचारलं. "काय न्हाई," त्या म्हणल्या, "रातभर झोपच न्हवती."

साहेबांची गाडी गेली. दादा उनात उभा. गाडीतली त्याची बाटली उन्हानं तापून च्यासारखी झालती, एक घोट घेऊन थुंकला. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. मग आला, वाकला, अन् आयुष्यात पयल्यांदा मायच्या पुढं ओंजळ केली. सवय न्हाई, निम्मं पाणी बोटातनं गळालं, निम्मं मिशीवर. ती झोकदार मिशी भिजून दोन्हीकडनं खाली लोंबली अन् तिच्या टोकांवरनं थेंब रस्त्यावर पडायला लागले.

मुनीर मास्तरांनी एकदा मिशीकडं बघितलं, एकदा रस्त्याकडं, एकदा वर दगडाकडं, अन् रुमालात तोंड घालून खांदे हालवायला लागले. ताईंनाबी कळलं. मलाबी.

"हसतो कावून बे?" दादानं मला इचारलं.

"काय न्हाई दादा. दगडावर लिवलेलं वाचायलोय."

"तुला कवापासनं वाचता यायलं?"

मायला आमचं काय कळलं न्हाई. ती ओगराळं धरून त्याच्याकडंच बघत व्हती.

"अजून घेतो का बाबा?" ती म्हणली.

दादानं परत ओंजळ पुढं केली.